'आउटस्टँडिंग' म्हणजे कौतुक की थकबाकी?

कोल्हापुरी जोड (प्रश्न):
नमस्कार मंडळी. आमचं घरचंच चपलांचं काम आहे, कोल्हापुरात. आबा गेली चाळीस वर्षं कापशी पद्धतीच्या चपला करतात, मी विक्री आणि पत्रव्यवहार बघतो. परवा लंडनच्या एका बाईंचा मेल आला. त्यांनी सहा जोड मागवले होते, चार पोचले. पहिलंच वाक्य होतं, "द ब्रेडिंग इज आउटस्टँडिंग." मी मोठ्यानं वाचलं आणि आबांनी हातातली आरी खाली ठेवली. म्हणाले, "परत नोटीस आली व्हय? कुणाचं काय द्यायचं ऱ्हायलंय आता?"

त्यांची चूक नाही. 2019 च्या महापुरात घरात पाणी शिरलं, आणलेलं चामडं कुजून गेलं आणि एका पतसंस्थेचे हप्ते थकले. पुढं दोन वर्षं दर महिन्याला कागद यायचा आणि त्यावर ठळक अक्षरात हाच शब्द. सगळं कर्ज फिटलं, पण आबांच्या कानात तो शब्द तसाच राहिलाय.

मी म्हणालो, अहो, कौतुक केलंय तुमच्या चपलेवरच्या वेणीचं. आणि खालची ओळ वाचली तर, "टू पेअर्स आर स्टिल आउटस्टँडिंग." आता मीच अडकलो. हे दोन जोडही भारी आहेत म्हणायचं, की यायचे राहिलेत? एकाच शब्दाचे असे दोन अर्थ कसे? आणि आबांना पटेल असा मराठी शब्द कुठला?

निवृत्त लेखनिक:
दुसऱ्या ओळीचा अर्थ, दोन जोड यायचे राहिलेत. लवकर पाठवा.

बँकेत माझी हयात या शब्दाबरोबर गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मुळात शब्द साधा आहे: बाहेर उभा असलेला, पुढं आलेला. वसूल न झालेली रक्कम अजून बाहेरच उभी आहे, आत आलेली नाही, म्हणून ती आउटस्टँडिंग. आणि दहा जणांच्या रांगेतून एक पाऊल पुढं उभा असलेला माणूस चटकन नजरेत भरतो, म्हणून तोही आउटस्टँडिंग. इंग्रजीत थकबाकीचा अर्थ आधी रुळला, अठराव्या शतकाच्या अखेरीस. कौतुकाचा अर्थ त्यानंतर, एकोणिसाव्या शतकातला. आबांनीही त्याच क्रमानं तो शब्द ऐकला म्हणायचा.

ओळखायचं कसं? शेजारचे शब्द बघा. बॅलन्स, अमाउंट, बिल, ड्यूज, लोन असलं काही असेल तर बाकी. परफॉर्मन्स, क्वालिटी, प्लेअर असेल तर कौतुक. 'स्टिल' लागला की बहुतेक वेळा काहीतरी राहिलेलं असतं. 'ट्रूली' किंवा 'अ‍ॅब्सोल्यूटली' लागला की शाबासकी. 'आउटस्टँडिंग वर्क' मात्र दोन्हीकडे जातं, उत्तम काम किंवा उरलेलं काम. तिथं पुढचं-मागचं वाचल्याशिवाय उत्तर देऊ नका.

तालमीतला:
आबांना सांगा, 'नादखुळा' म्हणाल्यात बाई! आपल्याकडं यापेक्षा मोठी पावती नाही.

मराठीची शिक्षिका:
नादखुळा मलाही प्रिय आहे, पण इथं तो नेमका बसत नाही. नादखुळा म्हटलं की बघणाऱ्याचं काय झालं ते कळतं, त्याला वेड लागलं. आउटस्टँडिंगमध्ये वस्तू इतरांपेक्षा वेगळी दिसल्याची गोष्ट आहे. सरकारी कर्मचाऱ्यांच्या कामाच्या अहवालात त्याला 'अत्युत्कृष्ट' म्हणतात. ते कागदावर शोभतं, आबांपुढं नाही.

आपल्याकडं जुना, घरातला शब्द आहे: उठून दिसणं. साडीचा काठ उठून दिसतो, शंभर जणींत एखादी उठून दिसते. इंग्रजांचं 'उभं' आणि आपलं 'उठून', कल्पना एकच. म्हणूनच हा शब्द सरसकट वापरू नये असं मला फार वाटतं. सहाही जोड एक्सलंट असू शकतात. आउटस्टँडिंग म्हणायचं तर काहीतरी एक इतरांतून वर आलेलं हवं. बाईंनी चपलेला नाही, वेणीला तो शब्द दिलाय. त्यांनी नीट बघितलंय.

कोल्हापुरी जोड:
मॅडम, लेखनिक काका, मनापासून आभार. रात्री जेवताना आबांना सांगितलं, "तुमची वेणी उठून दिसत्या म्हणाल्यात." थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "कुठल्या जोडाची?" मी फोटो दाखवला. त्या जोडाची वादी त्यांनी रापीनं नेहमीपेक्षा बारीक काढली होती, आईनं ती दोन दिवस बसून विणली. आबा फोटो आईकडं सरकवत म्हणाले, "हे हिचं काम हाय. हिला वाचून दाखव."

आईला परत पहिल्यापासून वाचून दाखवलं.

उरलेले दोन जोड सोमवारी निघतील. उत्तरात 'द रिमेनिंग टू पेअर्स' लिहू ना? तो शब्द आता मला फक्त वेणीसाठी ठेवायचाय.

निवृत्त लेखनिक:
रिमेनिंगच लिहा. आणि वेणी कुणी विणली तेही कळवा त्यांना.