मदत हवी आहे: कीबोर्ड वाजवत गाताना घरी सगळं जुळतं, मांडवात माझा आवाज बुडतो

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे यामाहाचा पीएसआर-एसएक्स९०० कीबोर्ड आहे. डाव्या हाताने कॉर्ड, उजव्याने मधले तुकडे आणि तोंडाने जुनी गाणी, असा माझा एकखांबी ऑर्केस्ट्रा. माइक एसएम५८, थेट कीबोर्डच्याच माइक इनपुटमध्ये. गेन (माइकचा आवाज आत किती जोरात घ्यायचा ते) असा ठेवलाय की तार सप्तकात गेलो तरी आवाज फाटत नाही. रोज रात्री हेडफोन लावून रियाज करतो, बॅलन्सच्या पानावर माइक, स्टाइल (कीबोर्ड आपोआप वाजवतो ती ठेका-साथ) आणि उजव्या हाताचा आवाज निगुतीने लावलेत. कानाला अगदी रेकॉर्डसारखं वाटतं.

यंदा सोसायटीच्या गणपतीत पाच गाणी केली. कीबोर्डमधून एकच केबल साऊंडवाल्याकडे गेली. पहिलं गाणं संपल्यावर मुलगी पुढे येऊन म्हणाली, "बाबा, ढोलक मस्त ऐकू येतंय, तुम्ही नाही." साऊंडवाल्याला माइक वाढवायला सांगितला, तर तो म्हणे, "काका, तुम्ही एकच वायर दिलीय, मी वाढवला की सगळंच वाढणार." मग मी कीबोर्डवरूनच माइक वाढवला आणि अशी शिट्टी बसली की पहिल्या रांगेतल्या आज्जींनी कानावर पदर घेतला. स्टाइल खाली आणली तर ठेका मेला.

आता कोजागिरीला गच्चीवर पुन्हा गायचंय. घरचं सेटिंग तिथे का टिकत नाही? माइक कीबोर्डमध्ये लावणंच चूक आहे का?

प्रतिसाद १
मी मडगावकडे लग्नांत आणि हॉटेलांत वन मॅन बँड करतो. दादा, घोळ कीबोर्डमध्ये नाही, हेडफोनमध्ये आहे. गाताना आपला आवाज आपल्याच डोक्याच्या हाडांतूनही कानात पोचतो. त्यामुळे हेडफोनमध्ये माइक कमी असला तरी पुरेसा वाटतो. समोरच्या माणसाला तुमची कवटी कुठून मिळणार? त्याला फक्त स्पीकरचं मिळतं. दुसरं, हळू आवाजात आपल्या कानाला बास कमीच ऐकू येतो, म्हणून घरी आपण तो वाढवून ठेवतो. मांडवात मोठ्या आवाजावर तोच बास गाणं गिळतो.

घरी लेव्हल लावायची तर गाऊन लावू नका. कीबोर्डवरच गाण्यासकट रेकॉर्ड करा, नंतर तोंड मिटून स्पीकरवर ऐका. पहिल्यांदा लाज वाटेल, मलाही वाटली होती.

आणि साऊंडवाल्याकडे मिक्सर आहे तर माइक सरळ त्यालाच द्या. कीबोर्ड एका चॅनलवर, गळा दुसऱ्यावर. केबल एकच असेल तर ती एल/एल+आर लिहिलेल्या जॅकमध्येच हवी. नुसत्या आरमध्ये लावली तर अर्धं गाणं घरीच राहतं.

प्रतिसाद २
माइक मिक्सरला दिला तर कीबोर्डचा रिव्हर्ब (घुमारा) आणि कॉम्प्रेसर (आवाजातले चढउतार सारखे करणारा) गळ्याला मिळणार नाही, एवढं ध्यानात ठेवा. साध्या मिक्सरवरचा एको बहुतेक वेळा विहिरीतून आल्यासारखा असतो, तो अगदी थोडाच घ्या.

पण मुख्य मुद्दा वेगळा. पूर्ण स्टाइल खाली आणू नका. कीबोर्डच्या स्क्रीनवरचा मिक्सर उघडून स्टाइलचे आठ भाग बघा: रिदम १-२, बास, कॉर्ड १-२, पॅड (मागे लांबवलेले सूर), फ्रेज १-२ (मधले छोटे तुकडे). गळ्याच्या जागेवर अतिक्रमण करतात ते पॅड, फ्रेज आणि कधीकधी कॉर्ड २. सुरुवातीला पॅड निम्म्यावर आणा, फ्रेज २ बंदच करा. रिदमला हात लावू नका. ठेका तसाच राहतो आणि शब्द वर येतात. झालं की रजिस्ट्रेशनमध्ये (कीबोर्डची सगळी सेटिंग एका बटणावर साठवतात ते) सेव्ह करा, नाहीतर दुसरी स्टाइल लावून परत आलात की मूळ लेव्हल हजर.

शिट्टीचं म्हणाल तर स्पीकर तुमच्या पुढे हवेत, मागे नकोत. एसएम५८ पाठीमागून सगळ्यात कमी ऐकतो, म्हणून मॉनिटर (गाणाऱ्याला स्वतःचं ऐकू यावं म्हणून ठेवलेला स्पीकर) असेल तर तो माइकच्या पाठीकडे ठेवा.

धागालेखक
दोघांचेही आभार. स्पीकर माझ्या मागेच होते, गणपतीच्या दोन्ही बाजूंना! दिसायला छान दिसतात म्हणून. अजून एक: दोन गाणी मी पेनड्राइव्हवरच्या एमपी३ ट्रॅकवर गातो. ते स्टाइलपेक्षा किती तरी मोठे येतात.

प्रतिसाद ३
बाजारातले ट्रॅक आधीच दाबून मोठे केलेले असतात. कार्यक्रमात नॉब फिरवत बसण्यापेक्षा घरी कॉम्प्युटरवर ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये सगळ्यांना लाउडनेस नॉर्मलायझेशन लावून एकाच पातळीवर आणा. मी उणे १८ एलयूएफएस (कानाला जाणवणारा मोठेपणा मोजायचं माप) ठेवतो.

आणि काका, एक विचारू? वाजवताना खाली स्क्रीनकडे बघता का? माइकपासून तोंडाचं अंतर दुप्पट झालं की साधारण ६ डेसिबल जातात. मान खाली गेली की ओळीचा शेवट गायब. बूम स्टँड (आडव्या दांडीचा माइक स्टँड) घ्या, माइक तोंडापासून चार बोटांवर आणि थोडा खालून आणा.

धागालेखक
आठ दिवसांनी लिहितोय. रेकॉर्डिंग ऐकलं. माझा आवाज शेजारच्या फ्लॅटमधून येत होता. पॅड आणि फ्रेज कमी करून बूम स्टँड लावला, तेवढ्यानेच निम्मं काम झालं. मान खाली जाते, हे बायकोने न विचारता कबूल केलं.

काल गच्चीवर तालीम झाली. माइक मिक्सरला, कीबोर्ड वेगळा, स्पीकर कठड्याला लावून पुढे. शिट्टी नाही. मुलीला शेवटच्या खुर्चीवर बसवलं होतं, ती म्हणाली शब्द कळतात, पण आता आवाज कोरडा वाटतो. लाउडस्पीकर १० वाजता बंद करायचाय, म्हणजे कार्यक्रमाआधी तपासायला फार वेळ नाही. मिक्सरवर एकोऐवजी रिव्हर्बचा प्रकार निवडता येतो. जुन्या संथ गाण्यांना हॉल (सभागृहासारखा घुमारा) घ्यावा की प्लेट (धातूच्या पत्र्याच्या कंपनासारखा)?