रेशनवर डाळ आणि तेल का मिळू नये?

सातपुडा: अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो, अंत्योदयला कार्डामागे ३५ किलो धान्य, आणि जानेवारी २०२३ पासून तेही मोफत. याने भूक भागली, हे मोठं काम झालं. पण पिशवीत येतं काय, तर मुख्यतः गहू-तांदूळ. वरणाला डाळ नसेल तर वाढत्या वयाच्या पोराच्या अंगाला काय लागणार? तमिळनाडूत रेशनवर ३० रुपयांत किलोभर तूरडाळ आणि २५ रुपयांत लिटरभर पामतेल मिळतं. इतकी तूर पिकवणाऱ्या महाराष्ट्राला हे का जमू नये? कार्डामागे महिन्याला किलोभर डाळ आणि लिटरभर तेल द्या, आणि कायमचं द्या.

हिशेबवही: मला हे पटत नाही. दुकानात जिन्नस वाढले की मापात पाप वाढतं, आणि डाळीसारखी महाग वस्तू आधी मागच्या दाराने जाते. त्यापेक्षा घरातल्या बाईच्या खात्यात पैसे टाका. अंडी घ्यायची की मेथीची जुडी, तिचं ती बघेल. तिच्या ताटात काय पडावं हे मंत्रालयाने कशाला ठरवायचं?

नांदेडकर: पैशांचा प्रयोग आमच्याकडे झालाय. २०२३ मध्ये मराठवाडा, अमरावती विभाग आणि वर्धा मिळून १४ जिल्ह्यांतल्या केशरी कार्डवाल्या शेतकऱ्यांना धान्याऐवजी माणशी महिना १५० रुपये ठरले, पुढे १७० झाले. एवढ्यात माणसाचा महिन्याचा किराणा होतो का? शिवाय पैसे काढायला तालुक्याला जायचं, म्हणजे मजुरी बुडाली आणि जीपचं भाडं वेगळं. कर्नाटकनेही जुलै २०२३ पासून वाढीव तांदळाऐवजी माणशी १७० रुपये दिले होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये ते परत तांदळावरच आले.

हिशेबवही: रक्कम तुटपुंजी होती, मान्य. मग ती वाढवा, बाजारभावाला बांधा. त्यासाठी पद्धतच कशाला मोडीत काढायची?

रानभाजी: दादा, पैसे वाढले तरी खर्च कुठे करायचे? पाड्यावर आठवडी बाजार हाच बाजार. पावसाळ्यात ओढा भरला की तोही चुकतो. तिथे घरात साठवता येईल अशीच वस्तू कामाची. डाळ टिकते, हरभरा टिकतो. छत्तीसगडने आदिवासी भागात रेशनवर ५ रुपये किलोने हरभरा दिला तो उगाच नाही. आणि आपल्याकडे ज्वारी-नाचणी खाणाऱ्या घरांना गहूच का, हेही कुणीतरी विचारा.

सातपुडा: हिशेबवही, गळतीची भीती खरी आहे, पण त्याच दुकानांतून दिवाळी २०२२ ला १०० रुपयांत रवा, हरभराडाळ, साखर किलो-किलो आणि लिटरभर पामतेल वाटलं गेलंच ना? सणाला जमलं ते आषाढात का नको? गरज तर तेव्हाच जास्त, मजुरी नसते.

हिशेबवही: पाड्यांपुरतं मानतो. पण मुंबई-पुण्याच्या वस्त्यांत भाजीची गाडी दारात येते, अंडी कोपऱ्यावर मिळतात. तिथे तरी पैसेच द्या. डाळ-तेलाचं एकच गाठोडं साऱ्या राज्याच्या गळ्यात नको.