कॉलेजात लेखकाचं अभिवाचन ठेवायचंय, किती वेळ ठेवू?

वाचनवेडी:
आमच्या वाङ्मय मंडळातर्फे एका कादंबरीकारांना बोलावलंय, ते स्वतःच्या पुस्तकातलं वाचणार आहेत आणि नंतर गप्पा. दीड तास हातात आहे. मागच्या वेळी पाहुणे तासभर वाचत राहिले आणि मागच्या रांगा रिकाम्या झाल्या, मला फार वाईट वाटलं त्यांच्यासाठी. वाचन किती ठेवू?

शब्दप्रेमी:
वाचन 20-25 मिनिटं, बास. सावकाश वाचलं तर मिनिटाला साधारण 120 शब्द होतात, म्हणजे अडीच-तीन हजार शब्दांचा उतारा. सरांना आधीच फोन करून सांग, ते रागावत नाहीत गं, उलट बरं वाटतं त्यांना. इंग्रजी कादंबरीकार चार्ल्स डिकन्स तर जाहीर वाचनासाठी स्वतःच्याच गोष्टी काटछाट करून वेगळ्या प्रती बनवायचा, समासात खुणा करून ठेवायचा कुठे आवाज चढवायचा वगैरे. छापलेलं जसंच्या तसं वाचलंच पाहिजे असं काही नाही.

जुना ग्रंथपाल:
वरच्याशी सहमत. पण माझं म्हणणं, हॉल लहान घे. 300 खुर्च्यांत 40 जण बसले की वाचणाऱ्याचा आवाजच पडतो, तेच 40 जण लायब्ररीच्या वाचनकक्षात मस्त रंगतात. आणि पुस्तकाच्या दोन-तीन प्रती आठवडाभर आधी मुलांच्यात फिरव, ज्यांनी वाचलंय ना तेच खरे प्रश्न विचारतात, नाहीतर तुम्हाला प्रेरणा कुठून मिळते यावरच गाडी अडकते. मानधनाचं पण आधीच स्पष्ट बोल.

वाचनवेडी:
थँक्यू दोघांना, वाचनकक्षासाठी उद्याच विचारते.