मदत हवी आहे : सोसायटीच्या सभेत तापमानवाढीबद्दल कसं बोलू?

नमस्कार मंडळी. मुलुंडला आमच्या सोसायटीच्या सभेत गच्चीवर सोलर बसवायचा विषय येतोय. काही ज्येष्ठ सभासद म्हणतात, "हिमयुगं आली नि गेली. हे निसर्गाचंच चक्र, माणसाच्या हातात काय आहे?" ही माणसं हट्टी नाहीत. त्यांना नीट उत्तर मिळायला हवं असं मला मनापासून वाटतं.

एक मुद्दा माझ्याकडे पक्का आहे. सूर्यामुळे तापत असतं तर वातावरणाचे वरचे थरही तापले असते. प्रत्यक्षात जमिनीलगतची हवा तापतेय आणि वरचा स्थितांबर नावाचा थर थंड होतोय. शिवाय हवेतला कार्बन डायऑक्साइड औद्योगिक क्रांतीपूर्वी दहा लाखांत २८० भाग होता, आता ४२०च्या वर गेलाय. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, पण तो एकच दिवस पुरावा म्हणून पुढे करणं मला पटत नाही. मग मुंबईचं काय सांगू?

कोणाकडे मराठीतले सोपे आलेख आहेत का? २०२२च्या मुंबई वातावरण कृती आराखड्यातलं सोसायटीला लागू पडेल असं काय दाखवावं? आणि सोलर बसवलेल्यांनी गच्चीची गळती, देखभाल, वीजबिल याबद्दलचा खरा अनुभव कृपया लिहा. सभा येत्या रविवारी आहे.