सिरपूर तलावातील मासा : एसोमस की रासबोरा?

प्रश्न : इंदूरच्या सिरपूर तलावाकाठी जाळ्यात बोटभर लांबीचे, अंगावर काळी आडवी पट्टी असलेले मासे दिसले. त्यांची प्रजाती एसोमस की रासबोरा, हे कसे ओळखावे?

उत्तर १ : पट्टी दोघांतही आढळते, शिवाय नमुने जतन करण्याच्या फॉर्मॅलिन या द्रावणात रंग टिकत नाहीत, म्हणून मिशा पाहाव्यात. एसोमसच्या वरच्या जबड्यावरील मिशा इतक्या लांब असतात की त्या वक्षपरांच्याही (कल्ल्यांमागील परांच्या) पुढे, पुष्कळदा श्रोणिपरांपर्यंत (पोटाखालील परांपर्यंत) पोहोचतात. निसर्गअभ्यासक फ्रान्सिस हॅमिल्टनने १८२२ मध्ये वर्णिलेल्या रासबोरा डॅनिकोनियस या रासबोराच्या जातीला मात्र मिशाच नसतात.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. मिशा तुटल्या असतील तर?

उत्तर २ : जाळ्यात तसे होतेच. मग भिंगाखाली तोंड पाहावे : रासबोराच्या खालच्या जबड्याच्या टोकावरील गाठ वरच्या जबड्याच्या खाचेत बसते. एसोमसचे वक्षपरही ठळकपणे लांब असतात.