स्टॉकहोमच्या बहिणी आणि नॅशव्हिलचा सूर: हे गाणं खरं मानायचं का?

बांधावरचा
फर्स्ट एड किट ही कंट्री गाणारी जोडी ऐकतं का इथे कोणी? क्लारा आणि योहाना सोडरबर्ग, स्टॉकहोमच्या एन्शेडे उपनगरात वाढलेल्या सख्ख्या बहिणी. २००८ साली फ्लीट फॉक्सेस या अमेरिकन बँडचं एक गाणं त्यांनी रानात बसून गायलं, यूट्यूबवर टाकलं आणि तिथून यांची गाडी सुटली. २०१२ चा 'द लायन्स रोअर' हा अल्बम त्यांनी थेट अमेरिकेत, नेब्रास्कातल्या ओमाहाला जाऊन निर्माता माइक मोगिसच्या हाताखाली केला.

आवाजाबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती उसन्या भूगोलाची. कंट्री हे अमेरिकेतलं ग्रामीण संगीत, नॅशव्हिल त्याचं माहेरघर. कंट्री म्हणजे कोळशाच्या खाणी, कापसाची शेतं, रविवारचं चर्च, बँकेचं कर्ज. ज्यांच्या घरात हे घडलं त्यांच्या तोंडी ते शोभतं. या दोघींचं गाजलेलं गाणं 'एमिलू'. त्यात एमिलू हॅरिस आणि ग्रॅम पार्सन्स, जून कार्टर आणि जॉनी कॅश अशा कंट्री गायकांच्या दोन जोड्या आठवून प्रियकराला म्हटलंय की चल, तसं गाऊ. म्हणजे हे जगण्याबद्दलचं गाणं नाही, घरातल्या रेकॉर्डींच्या कपाटाबद्दलचं आहे. २०२२ च्या अल्बमचं नाव 'पॅलोमिनो', सोनेरी अंगाचा, पांढऱ्या आयाळीचा घोडा. रेकॉर्डिंग मात्र स्वीडनमध्येच!

सुबक असली तरी नक्कल ती नक्कल. हाणा आता.

जुनी कॅसेट
हाणतो. तुम्ही ज्या ग्रॅम पार्सन्सचं नाव घेतलंत त्याचं घर कसलं होतं माहितीये? आजोळ म्हणजे फ्लोरिडातलं संत्र्या-मोसंब्यांचं बडं बागायतदार घराणं. पोरगा हार्वर्डला गेला, पहिल्या वर्षातच सोडून आला आणि पुढे घरच्या पैशावर जगला. कापूस त्याने अंगातल्या सदऱ्यातच पाहिला असणार. १९६८ साली 'द बर्ड्स' या रॉक बँडमध्ये शिरून त्याने रॉकवाल्यांना कंट्री गायला लावलं आणि १९७३ मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी गेला. आजचं सगळं ऑल्ट-कंट्री, म्हणजे रॉककडे झुकलेलं कंट्री, त्याला बाप मानतं. त्याचा सातबारा कोणी तपासला नाही, या पोरींचा का तपासायचा?

आणि 'द बँड' नावाचा तो गट? पाचातले चार कॅनडाचे. अमेरिकन यादवीत हरलेल्या दक्षिणेचं दुःख सांगणारं त्यांचं गाजलेलं गाणं टोरोंटोच्या रॉबी रॉबर्टसनच्या नावावर आहे.

टेकडीवरून
+१. धागाकर्ते काडी टाकून पळणार असं दिसतंय.

बांधावरचा
पळत नाही. द बँडचं उदाहरण तुमच्याच अंगावर येतंय. गाणं लिहिलं रॉबर्टसनने, पण गायलं कोणी? लेव्हॉन हेल्मने. तो अर्कान्सासच्या कापूस पिकवणाऱ्या घरातला, पाचांतला एकटा अमेरिकन. ते गाणं त्याच्या गळ्यातून आलं म्हणून उभं राहिलं. रॉबर्टसनने स्वतः म्हटलं असतं तर?

तात्पुरता
'खरं कंट्री' नावाची वस्तू मुळात विक्रीसाठी तयार केलेली आहे. नॅशव्हिलच्या डब्ल्यूएसएम रेडिओवर १९२५ मध्ये कंट्रीचा जो कार्यक्रम सुरू झाला, तोच पुढचा ग्रँड ओल ऑप्री. त्याचा सूत्रधार जॉर्ज हे ('हे' हे आडनाव). सुरुवातीच्या वादकांमध्ये डॉ. हम्फ्री बेट होते, वैद्यकीची पदवी घेतलेले, दवाखाना चालवणारे गृहस्थ, माउथ ऑर्गन वाजवायचे. सुरुवातीच्या फोटोंत ही मंडळी सूट-टायमध्ये बसलेली दिसतात. मग जॉर्ज हे साहेबांनी बँडना नावं दिली: 'पॉसम हंटर्स', 'फ्रूट जार ड्रिंकर्स', 'गली जंपर्स'. म्हणजे पॉसम नावाची मांजराएवढी जनावरं मारणारे, बरणीतून हातभट्टी ढोसणारे, ओहोळ उडी मारून ओलांडणारे. फोटोही बदलले: अंगात ओव्हरऑल, डोक्यावर वाकडी टोपी, मागे शेत.

डॉक्टरला शेतकऱ्याचे कपडे घालून 'अस्सल' म्हणून विकलं, त्याला शंभर वर्षं झाली. आता स्वीडनच्या मुलींनी झालरीचे कपडे घातले तर नक्कल?

उत्तरध्रुव
मी स्टॉकहोमलाच असतो. एन्शेडे म्हणजे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वसवलेली उद्यान-वसाहत, छोटी घरं, परसात सफरचंदं. काऊबॉय औषधालाही नाही, हे कबूल. पण अमेरिका इथे परकी नाही. १८५० ते १९३० या काळात सुमारे बारा लाख स्वीडिश लोक तिकडे गेले, बरेचसे मिनेसोटा-इलिनॉयला. 'अमेरिकेतला चुलता' इथल्या घराघरात असायचा. आणि कामगारांची गाणी लिहिणारा जो हिल, ज्याला १९१५ मध्ये युटात गोळ्या घातल्या, तो मूळचा स्वीडनमधल्या येव्लेचा योएल हेग्लुंड. अमेरिकेच्या गाण्यात स्वीडनचा हात आज लागलेला नाही.

एक प्रसंग सांगतो. २०१५ मध्ये इथला पोलर संगीत पुरस्कार एमिलू हॅरिसला मिळाला. राजघराणं समोर, आणि या दोघी तिच्यासमोर तिचंच गाणं गायल्या. कॅमेरा एमिलूवर जातो तेव्हा तिचे डोळे भरलेले दिसतात. जिची नक्कल केल्याचा आरोप आहे तिची हरकत नसेल तर आपण कोण?

बांधावरचा
जो हिल तिथे गेला, गोदीत राबला, जिवानिशी गेला. त्याचा भूगोल उसना नव्हे, किंमत मोजून घेतलेला. आणि एमिलूचे डोळे हा पुरावा कसा? समोर कोणी आपलं गाणं सुरेल म्हटलं तर कोणीही हळवं होईल.

माझा मुद्दा उच्चारांपाशी येऊन अडतो. गाताना 'आर' असा वळवतात की जन्म टेनेसीत गेलाय. स्वीडिश वळणाच्या इंग्रजीत का गात नाहीत?

कोपऱ्यातली खुर्ची
भीमसेन जोशी गदगचे, घरची भाषा कानडी. अभंग कुणाचे ऐकता वारीच्या दिवसांत?

जुनी कॅसेट
खुर्चीताई, मी तुमच्याच बाजूचा, पण हे उदाहरण मागे घ्या. विठ्ठल कर्नाटकाला परका कधी होता? पुरंदरदासांची मुद्राच 'पुरंदर विठ्ठल'. शिवाय अण्णा आयुष्यातला बराच काळ पुण्यात राहिले. स्टॉकहोम आणि टेनेसीत महासागर आहे.

मिंड
सगळे शब्दांवर भांडताय, सुराकडे बघा की. कंट्रीतला तो रडका, घसरत जाणारा आवाज पेडल स्टीलचा. वाद्य मेजासारखं आडवं, बहुधा दहा तारा. डाव्या हातात धातूचा दांडा तारांवर सरकतो, पावलाने पेडल आणि गुडघ्याने लिव्हर दाबली की ठरावीक तारा ताणल्या जातात किंवा सैल होतात. त्यामुळे एक सूर जागेवर थांबतो आणि शेजारचा त्याला येऊन मिळतो. ही दांडा सरकवायची रीत हवाईची. बँजो पश्चिम आफ्रिकेतून गुलामांबरोबर आलेल्या वाद्यांवरून घडलेला. फिडल आणि जुनी कथागीतं ब्रिटन-आयर्लंडची. जिमी रॉजर्स १९२७ पासून रेकॉर्डवर जे योडल (गळा झटक्यात वर-खाली फिरवत गाणं) करत होता त्याचा उगम आल्प्समध्ये शोधतात. यात निव्वळ अमेरिकन काय उरलं ते धागाकर्त्यांनी सांगावं.

या बहिणींचं खरं बळ म्हणजे सख्ख्या भावंडांचं मिळून गाणं. लूव्हिन ब्रदर्स, एव्हरली ब्रदर्स या अमेरिकन भावांच्या जोड्या, तीच परंपरा. स्वर कुठे ओढायचा, श्वास कुठे घ्यायचा हे लहानपणापासून एकत्र ठरत गेलेलं असतं. ते ओमाहात विकत मिळत नाही.

घाटमाथा
मी धागाकर्त्यांच्या बाजूने, पण कारण वेगळं. युरोपने कंट्रीतली दारू, तुरुंग आणि देव काढून टाकले, उरलेलं धुऊन इस्त्री केलं. युरोव्हिजन ही युरोपातली गाण्यांची स्पर्धा, तिचं २०१४ आठवा. नेदरलँड्सचे द कॉमन लिनेट्स, म्हणजे इल्से डेलांगे आणि वेलन, २३८ गुण घेऊन दुसरे आले. माइकसमोर एकमेकांकडे बघत गोड गायले. ऐकायला छान. पण कुठेही टोचत नाही.

उत्तरध्रुव
टोचणारं हवंय? याच बहिणींचं २०१७ चं 'यू आर द प्रॉब्लेम हिअर' ऐका. जागतिक महिला दिनाला आलं, बलात्काऱ्याला उद्देशून. इस्त्री कुठे दिसली तर कळवा.

घाटमाथा
ऐकलं. जोरदार आहे. पण ते रॉक आहे हो, कंट्री नाही! राग आला की कंट्री सोडून रॉककडे जातात, हा माझाच मुद्दा झाला.

रातकिडा
'तू इथली कशी' हा प्रश्न नेमका कोणाला विचारला जातो ते बघा. योला ही इंग्लंडच्या ब्रिस्टलकडची काळी गायिका. २०१९ मध्ये 'वॉक थ्रू फायर' आला, नॅशव्हिलला निर्माता डॅन ऑरबाकने केलेला, ग्रॅमीची चार नामांकनं मिळाली. पोत जुन्या कंट्री-सोलचा, गळा अफाट. तीही युरोपातलीच. धाग्यात इतका वेळ तिचं नाव कोणाला सुचलं नाही. गोऱ्या स्वीडिश मुली निदान 'नक्कल करणाऱ्या' तरी ठरतात, म्हणजे अस्सलाच्या रांगेत उभ्या असतात. ज्या लोकांकडून बँजो आला त्यांना रांगेतच धरलं जात नाही.

अस्सलपणाची चौकशी नेहमी परक्यांसाठीच होते असंही नाही. डेफर्ड बेली हा काळा वादक टेनेसीचाच, माउथ ऑर्गनवर आगगाडी हुबेहूब उभी करायचा, ऑप्रीच्या पहिल्या सिताऱ्यांपैकी एक. १९२७ मध्ये त्याच्या 'पॅन अमेरिकन ब्लूज'नंतरच जॉर्ज हे साहेबांनी आधीच्या ऑपेरा कार्यक्रमाची थट्टा करत 'ग्रँड ओल ऑप्री' हे नाव उच्चारलं. १९४१ मध्ये त्याला काढून टाकलं. पुढे तो नॅशव्हिलमध्ये बूट पॉलिशचं दुकान चालवून जगला.

बांधावरचा
रातकिडा, बेलीला काढलं तो अन्यायच, त्यात वाद नाही. पण त्याने माझा मुद्दा पडत नाही, उलट पक्का होतो. बेलीची आगगाडी त्याने लहानपणी रुळांजवळ ऐकलेली होती. योलाचंही मी नाकारत नाही, ती गाते तेव्हा स्वतःबद्दल गाते. एन्शेडेच्या सफरचंदांवर एक तरी गाणं आणा, मग मी टोपी काढतो.

मिंड
सफरचंदांच्या गाण्यात पेडल स्टील चालेल ना, की तेही स्वीडिशच लागेल?