हाताची नस जुळते, मग मणक्यातली का नाही?

प्रश्न असा आहे की हाताची नस (म्हणजे मज्जातंतू, रक्ताची नस नाही) कापली तर महिन्याला इंचभर का होईना परत वाढते, मग मणक्यातली का नाही. आधी समजायचे की मेंदू-मणक्यातल्या चेतापेशींत परत वाढायची ताकदच नाही, पण 1981 मध्ये मॉन्ट्रियलला डेव्हिड आणि अग्वायो या संशोधकांनी उंदराच्या पायाच्या नसेचा तुकडा मेंदूचा खालचा भाग आणि मज्जारज्जू (मणक्यातून जाणारा नसांचा जाड दोर) यांच्यात पुलासारखा बसवला आणि मेंदू-मज्जारज्जूतले तंतू त्यातून चक्क 3 सेंटीमीटरच्या आसपास वाढले! फक्त पलीकडे मज्जारज्जूत शिरले की लगेच थांबले. म्हणजे ताकद आहे हो, आजूबाजूची जागाच वाढू देत नाही. झ्यूरिकचे संशोधक मार्टिन श्वाब यांनी त्यातलं एक कारण शोधलं, मायलिनमधलं (तंतूंवरच्या वेष्टणातलं) नोगो-ए प्रोटीन, ते अडवणारी अँटीबॉडी माणसांवरच्या ट्रायलपर्यंत पोचलीये. जखमेचा व्रण हा अजून एक अडथळा, आणि तंतू वाढला तरी योग्य पेशीला जोडला जायला हवा, म्हणून फिजिओ सोडू नका प्लीज.

आणि कुणी लाखो रुपये मागून स्टेम सेलने पेशंटला नक्की चालायला लावतो म्हणालं तर आधी दुसऱ्या न्यूरोसर्जनला विचारा, आपल्याकडच्या नियमांप्रमाणे स्टेम सेलच्या ट्रायलसाठी पेशंटकडून पैसे घेता येत नाहीत.